प्रयोगपशू ते रुग्ण : गिनीपिगच्या शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

'आमचा गिनीपिग करू नका' हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत आणि सभासंमेलनांत नेहमी कानावर पडते. एखादे नवे धोरण, नवा अभ्यासक्रम किंवा नवे औषध आले की त्याच्या विरोधकांच्या तोंडी ते हमखास येते. हे वाक्य वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हा प्राणी प्रत्यक्ष हाताळलेला असतो. गेल्या काही दशकांत मात्र पुणे, मुंबई, नाशिक यांसारख्या शहरांतील घरांत गिनीपिग पाळीव प्राणी म्हणून आला. तो आजारी पडू लागला, त्याच्यावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि शस्त्रक्रियेनंतर त्याची शुश्रूषा करण्याची जबाबदारी घरातील माणसांवर येऊन पडली.

प्रस्तुत लेखिकेच्या घरातील गिनीपिगवर मूत्राशयातील खडा काढण्याची शस्त्रक्रिया झाली. तिला घरी पाठविताना पशुवैद्यकांनी एका कागदावर सहा सूचना लिहून दिल्या : वेदनाशामक औषध वेळेवर द्यावे, क जीवनसत्त्व रोज द्यावे, तोंडावाटे पेनिसिलीन वर्गातील कोणतेही औषध देऊ नये, उपाशी ठेवू नये, ऊब द्यावी, जोडीदारापासून फार काळ दूर ठेवू नये. इतिहासाच्या अभ्यासकाला कागद दिसला की तो कशाच्या आधारे लिहिला गेला, हा प्रश्न पडतोच. या सहा ओळींमागे किती वर्षांचा आणि कोणत्या प्रकारचा अनुभव उभा आहे, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) गिनीपिगचे मानवी समाजातील स्थान कसे बदलत गेले, याचा आढावा घेणे.
२) मुंबईतील प्लेग संशोधनातील त्याच्या वापराची नोंद घेणे.
३) शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषेच्या प्रचलित नियमांचा ऐतिहासिक उगम तपासणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रकाशित साहित्य, प्राणीविषयक कायदे आणि उपरोक्त सूचनापत्र ही अभ्यासाची साधने आहेत. हा लेख वैद्यकीय सल्ल्याची जागा घेत नाही. औषधांची मात्रा पशुवैद्यकांनीच ठरवावयाची असते.

विषय विवेचन :

अ) अँडीजमधील 'कुई'

गिनीपिग गिनीचा नाही आणि डुक्करही नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवलेला हा कृंतक वर्गातील, म्हणजे कुरतडणारा प्राणी होय. तेथील केचुआ भाषेत त्याला 'कुई' म्हणतात. स्वयंपाकघराच्या उबेला, चुलीच्या आसपास ही जनावरे मोकळी वावरत. सणासुदीचे अन्न, देवाचा बळी आणि वैदूचे साधन अशा तीन नात्यांनी ती माणसाशी बांधलेली होती. पेरूमधील कुस्को येथील कॅथेड्रलमध्ये मार्कोस झपाटा याने अठराव्या शतकात रंगविलेले येशूच्या अखेरच्या भोजनाचे चित्र आहे. त्यातील ताटात वाढलेला प्राणी कुई असल्याचे सामान्यतः मानले जाते.

यांपैकी वैदूचे साधन हे नाते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. अँडीजमधील पारंपरिक उपचारात वैदू कुई रोग्याच्या अंगावरून फिरवतो. नंतर त्याला चिरून त्याच्या आतील अवयवांवरून रोग्याच्या दुखण्याचे निदान करतो. माणसाचा आजार या लहानशा देहात उतरतो आणि तेथे तो वाचता येतो, अशी या विधीमागील श्रद्धा आहे. पुढे युरोपातील प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे व पूर्णतः वेगळ्या कारणांनी जे केले, त्याचे या विधीशी असलेले साम्य लक्षणीय आहे.

आ) युरोपातील आगमन : पाळीव प्राणी व प्रयोगपशू

सोळाव्या शतकात स्पॅनिश सत्तेबरोबर हा प्राणी युरोपात पोहोचला. स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर याने १५५४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील हिल हॉल या वाड्याच्या उत्खननात १५७४-७५ च्या सुमाराचा गिनीपिगचा सांगाडा मिळाला आहे. एलिझाबेथकालीन एका चित्रात तीन मुलांपैकी एकीने हातात गिनीपिग धरलेला दिसतो. म्हणजे युरोपात हा प्राणी प्रथम खाण्यासाठी नव्हे, तर मांडीवर घेण्यासाठी आला. प्रयोगशाळेतील त्याचा इतिहास त्यानंतरचा आहे.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून त्याच्या शरीरातील उष्णतेने किती बर्फ वितळतो, हे मोजले. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, हा सिद्धांत या मोजमापावर उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंतुशास्त्राचा उदय झाला आणि गिनीपिगची मागणी वाढली. तो शांत असतो, चावत नाही, पिंजऱ्यात सहज वाढतो आणि काही मानवी रोगांना लवकर बळी पडतो, ही त्याची वैशिष्ट्ये संशोधकांना सोयीची ठरली. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख याने बर्लिन येथे क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला, त्यामागे गिनीपिगांवरील प्रयोग होते. १८९० साली एमिल फॉन बेरिंग याने घटसर्पावरील प्रतिविषाचे कार्य याच प्राण्यावर सिद्ध केले. १८९७ साली पॉल एर्लिख याने प्रतिविषाचे प्रमाणीकरण केले. २५० ग्रॅम वजनाचा गिनीपिग ज्या मात्रेने सुमारे चार दिवसांत मरतो, ती मात्रा म्हणजे विषाची किमान प्राणघातक मात्रा असे ठरले. एखाद्या जिवाचा मृत्यू हेच मापनाचे एकक झाल्याचे हे उदाहरण होय. घटसर्पाने मरणारी असंख्य बालके या एककामुळे वाचली, हेही तितकेच खरे आहे.

हा शब्द पुढे माणसांनाही लागू झाला. १९३३ साली अमेरिकेत आर्थर कॅलेट व एफ. जे. श्लिंक यांनी असुरक्षित औषधे व खाद्यपदार्थांवर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'दहा कोटी गिनीपिग' या अर्थाचे होते.

इ) परळ : प्रयोगशाळा आणि पशुरुग्णालय

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. वाल्देमार हाफकिन याने १८९२ साली पॅरिसमध्ये पटकीची लस तयार केली. त्यासाठी लागणाऱ्या जंतूंची तीव्रता त्याने गिनीपिगच्या उदरातून एकामागून एक संक्रमण घडवून वाढविली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये तो प्लेगग्रस्त मुंबईत आला आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्याने नवी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्याची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या राजभवनात हलविण्यात आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

प्लेग उंदरांकडून माणसाकडे कसा येतो, हा प्रश्न त्या वेळी वादाचा होता. मुंबईतील संशोधक ग्लेन लिस्टन याने उंदरावरील पिसूकडे लक्ष वेधले. १९०५ मध्ये सुरू झालेल्या प्लेगविषयक विस्तृत तपासणीत परळच्या संशोधकांनी प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग मोकळे सोडले. खोलीतील पिसवा त्यांच्या अंगावर गोळा होत आणि नंतर त्या मोजून तपासल्या जात. काही पिंजरे जमिनीलगत ठेवण्यात आले, तर काही पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगण्यात आले. खालच्या पिंजऱ्यांतील गिनीपिगांना प्लेग झाला आणि उंच टांगलेले वाचले. दूषित हवा नव्हे तर पिसू हाच प्लेगचा वाहक आहे, हे अशा प्रयोगांतून निर्विवाद ठरत गेले. मुंबईच्या चाळींतील ज्या खोल्यांतून माणसांना बाहेर काढले होते, त्याच खोल्यांत ही जनावरे आत सोडली गेली होती.

याच परळमध्ये सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८० च्या दशकात बाई साकरबाई यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले. म्हणजे आजारी जनावर बरे करणारी संस्था आणि निरोगी जनावराला आजारी करून अभ्यासणारी संस्था एकाच परिसरात होत्या. तथापि त्या काळी पशुरुग्णालयाचा रुग्ण म्हणजे प्रामुख्याने घोडा, बैल, गाय व कुत्रा होय. गिनीपिग परळमध्ये होता, पण तो रुग्ण नव्हता.

ई) कायदा आणि शस्त्रक्रियेनंतरचा काळ

ब्रिटिश संसदेने १८७६ साली प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन करणारा कायदा केला. या विषयावरील हा पहिला कायदा मानला जातो. त्यानुसार प्रयोगाच्या वेळी प्राण्याला भूल देणे बंधनकारक झाले. शुद्धीवर आल्यानंतर वेदना चालू राहण्याची शक्यता असेल अथवा गंभीर इजा झाली असेल, तर शुद्धीवर येण्यापूर्वीच त्याला मारावे, अशीही तरतूद होती. विशेष प्रमाणपत्र घेतल्यास यातून सूट मिळे. भारतातील १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम १७ मध्येही, बरे होताना तीव्र यातना होतील इतकी इजा झालेल्या प्राण्याला सामान्यतः बेशुद्धावस्थेतच मारावे, असे तत्त्व आढळते.

या तरतुदींमागील हेतू दयेचाच होता, हे मान्य करावे लागेल. परंतु त्यांचा एक परिणाम दुर्लक्षित राहिला. ज्या प्राण्याला भुलेतून जागेच व्हावयाचे नाही, त्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेचे शास्त्र विकसित होण्याचे कारण उरत नाही. गिनीपिगच्या शरीराविषयी विपुल ज्ञान जमा झाले. मात्र तो जागा झाल्यावर पहिल्या रात्री त्याच्याजवळ काय करावे, हा प्रश्न दीर्घकाळ फारसा विचारलाच गेला नाही. १९५९ साली रसेल व बर्च या इंग्रज अभ्यासकांनी प्रयोगातील प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या घटविणे आणि त्यांच्या यातना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली. त्यानंतर लहान प्राण्यांच्या वेदनेचा विचार हळूहळू शास्त्रीय चर्चेत आला.

उ) सहा सूचनांचा उगम

क जीवनसत्त्व : १९०७ साली नॉर्वेतील अक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रोलिख हे जहाजांवरील बेरीबेरीसारख्या आजाराचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनीपिगांना केवळ धान्य व पाव यांवर ठेवले. अपेक्षित आजार न होता त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि हाडे ठिसूळ झाली. कोबी व लिंबाचा रस दिल्यावर ही लक्षणे टळली. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. माणूस आणि गिनीपिग या दोघांनाही ते करता येत नाही. हे साम्य नसते तर १९३२ साली सेंट-ग्योर्गी व स्विर्बेली यांना हे द्रव्य ओळखणे अधिक कठीण गेले असते. जखम भरून येण्याशी याचा संबंध १९४० च्या सुमारास स्पष्ट झाला. बोस्टनमधील शल्यविशारद जॉन क्रँडन याने स्वतः काही महिने क जीवनसत्त्वरहित आहार घेतला. तिसऱ्या महिन्यात त्याच्या अंगावर मुद्दाम केलेली जखम भरली, परंतु सहाव्या महिन्यातील भरली नाही. टाके पडलेल्या गिनीपिगला रोज क जीवनसत्त्व द्यावे, या ओळीमागे उपाशी ठेवलेल्या गिनीपिगांचा आणि एका माणसाने स्वतःवर केलेल्या प्रयोगाचा इतिहास आहे.

पेनिसिलीनचा निषेध : २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी याने आठ उंदरांना प्राणघातक जंतू टोचले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलीन दिले. ते चौघे वाचले. १९४३ साली अमेरिकन संशोधकांनी मात्र हेच औषध गिनीपिगला घातक ठरत असल्याची नोंद केली. फ्लोरीने उंदरांऐवजी गिनीपिग निवडले असते तर काय झाले असते, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात पुढे वारंवार विचारला गेला. कारण असे की, गिनीपिगचे पचन आतड्यातील उपयुक्त जंतूंवर अवलंबून असते. पेनिसिलीन वर्गातील औषधे, विशेषतः तोंडावाटे दिलेली, हे जंतू नष्ट करतात. त्यांच्या जागी विषारी द्रव्य निर्माण करणारे जंतू वाढतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो.

येथे एक वैयक्तिक नोंद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखिकेच्या घरातील पहिल्या गिनीपिगच्या मानेवर गळू झाले होते. रविवार होता आणि दवाखाने बंद होते. मुलासाठी आणलेले अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध घरात शिल्लक होते. लहान बाळाला चालते ते या जिवाला का चालणार नाही, अशा समजुतीने ते थेंबाथेंबाने पाजण्यात आले. तो प्राणी पाचव्या दिवशी गेला. जे ज्ञान १९४३ सालापासून छापील स्वरूपात उपलब्ध होते, ते सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरात पोहोचलेले नव्हते. त्या प्राण्याच्या मृत्यूची जबाबदारी अज्ञानावर टाकून मोकळे होता येत नाही, ही जाणीव प्रस्तुत लेखनामागे आहे.

उपाशी न ठेवणे : शस्त्रक्रियेपूर्वी माणसाला उपाशी ठेवतात. भुलेत उलटी होऊन अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका कर्टिस मेंडेलसन याने १९४६ साली सविस्तर मांडला, तेव्हापासून हा नियम अधिक दृढ झाला. गिनीपिगला उलटी होत नाही. त्याच्या आतड्याची हालचाल सतत खाण्यावर चालते. ती थांबली की पोटात वायू धरतो, यकृतावर ताण येतो आणि शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही प्राणी दगावतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीचा उपवास अल्प ठेवतात आणि भुलीच्या वेळी तोंडात अन्न उरलेले नाही ना, हे पाहतात. नंतर तो स्वतः खाईपर्यंत दर काही तासांनी गवताच्या भुकटीचे पातळ मिश्रण सुई काढलेल्या सिरिंजने, गालाच्या बाजूने, थोडेथोडे भरवावे लागते. हिताचा मानवी नियम जसाच्या तसा लावला तर तो घातक ठरतो, हे याही बाबतीत दिसून येते.

वेदनाशमन, ऊब व सोबत : गिनीपिग हा इतरांचे भक्ष्य असलेला प्राणी आहे. दुखणे लपविणे हा त्याचा स्वभाव होय. तो ओरडत नाही. तो कोपऱ्यात अंग फुगवून स्तब्ध बसतो आणि खाणे सोडतो. प्रयोगशाळेत ज्या गुणाला 'शांत स्वभाव' म्हटले गेले, त्यात न कळलेल्या वेदनेचा वाटा किती होता, हा प्रश्न आज विचारणे भाग आहे. ऊब देण्याची सूचनाही प्राण्याच्या आकाराशी निगडित आहे. लहान देह भुलेत उष्णता झपाट्याने गमावतो. देहातील उष्णता किती बाहेर पडते, हे लव्हाझिएने बर्फात मोजले होते. आता तीच उष्णता टॉवेलात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीने भरून काढावयाची असते. मात्र महाराष्ट्रातील उन्हाळ्यात अतिउष्णतेनेही हा प्राणी दगावतो, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. सोबतीबाबत, स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांन्वये गिनीपिगसारखे समूहप्रिय प्राणी एकटे ठेवण्यास मनाई केली. जोडीदार जवळ असल्यास आजारी प्राणी लवकर खाऊ लागतो, असा पाळणाऱ्यांचाही अनुभव आहे.

ऊ) शुश्रूषेचे प्रत्यक्ष स्वरूप

या सूचना कागदावर सहा ओळींच्या असल्या, तरी त्यांचे पालन अहोरात्र करावे लागते. स्वयंपाकघरातील छोट्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करणे, लेंड्या मोजणे व त्यांचा आकार पाहणे, टाक्यांभोवती सूज, स्राव किंवा दुर्गंधी आहे का ते तपासणे, भुसा काढून त्याजागी स्वच्छ सुती कापड अंथरणे आणि ते दिवसातून अनेकदा बदलणे, ही कामे घरातील माणसांनाच करावी लागतात. वजन उतरत राहिले, लेंड्या थांबल्या किंवा लघवी होईनाशी झाली, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकांकडे जावे लागते. या नोंदींसाठी प्रस्तुत लेखिकेने एक वही केली होती. वेळ, वजन, भरविलेले मिलिलिटर, लेंड्यांची संख्या असे रकाने त्या वहीत होते. प्रयोगशाळेतील नोंदवहीचे रकाने याहून फारसे वेगळे नसतात. फरक एवढाच की, येथे आकडा खाली गेला की नोंद करणाराही झोपत नाही. चौथ्या दिवशी पहाटे तिने हरळीची काडी स्वतःहून ओढून घेतली. त्या दिवसाच्या रकान्यात आकड्याऐवजी 'खाल्ले' एवढाच शब्द लिहिलेला आहे.

निष्कर्ष :

१) गिनीपिगचा इतिहास अन्न, बळी, वैदूचे साधन, पाळीव प्राणी, प्रयोगपशू आणि रुग्ण अशा अनेक भूमिकांतून गेलेला आहे. या भूमिका एकामागून एक संपल्या नाहीत, तर एकाच काळात शेजारी शेजारी नांदल्या. विसाव्या शतकारंभीचे परळ हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

२) शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषेच्या अनेक नियमांचा आधार असलेले ज्ञान अशा प्रयोगांतून आले, ज्यांत प्राणी वाचणे अपेक्षितच नव्हते. त्या ज्ञानाला शुश्रूषेचे रूप येण्यासाठी हा प्राणी जगावा, अशी इच्छा आवश्यक होती. ती उशिरा आली.

३) कायद्याने यातना टाळण्यासाठी मृत्यूचा मार्ग स्वीकारला, त्यामुळे लहान प्राण्यांच्या बरे होण्याच्या काळाचा अभ्यास मागे पडला, असे म्हणण्यास आधार आहे.

४) माणूस व गिनीपिग यांच्यातील साम्य क जीवनसत्त्वाच्या बाबतीत उपकारक ठरले, तर पेनिसिलीनच्या बाबतीत त्या साम्यावर विसंबणे घातक ठरले. कोठे साम्य आहे आणि कोठे नाही, हे जाणून घेणे हाच शुश्रूषेचा पाया होय.

५) हे ज्ञान मराठीतून सामान्य घरांपर्यंत पोहोचणे गरजेचे आहे. मानवी आरोग्याने या प्राण्याकडून शतकभर जे घेतले, त्याची परतफेड होणे शक्य नाही. निदान त्याच्याच पूर्वजांच्या मृत्यूतून शिकलेल्या गोष्टी त्याला जगविण्यासाठी वापरल्या जाव्यात, इतकी अपेक्षा इतिहासाच्या अभ्यासातून निश्चितच व्यक्त करता येते.